“ऐकू येईना की!” : कॉलवर आपला आवाज पोचत नसेल तर काय काय बघायचं

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमची पिठाची गिरणी आहे. बायका सकाळी डबे ठेवून जातात आणि तासाभरानं फोन करतात, “झालं का आमचं दळण?” गेल्या जूनपासून या साध्या प्रश्नाचं उत्तर मला देता येईना. म्हणजे मी देत होतो, पलीकडं पोचत नव्हतं. “हॅलो... हॅलो... अरे, ऐकू येईना की! जरा चक्की बंद कर आणि बोल.” त्यांचा आवाज मला खणखणीत, माझा त्यांना शून्य.

गिरणीत असलं काही झालं की माणूस चक्कीच्या आवाजालाच दोष देतो. तीन आठवडे मीही तेच केलं. मग एका रविवारी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो होतो, आजूबाजूला सगळं शांत. पुण्याहून थोरल्या भावाचा फोन आला आणि तोही तेच, “काय बोलायलायस, कायबी कळंना.” तेव्हा ट्यूब पेटली. चक्कीचा काही संबंध नव्हता, फोनच मुका झाला होता.

त्यानंतर वर्षभरात हाच त्रास आणखी तीन वेळा झाला. एकदा पैसे फुकट घालवले, एकदा स्वतःच्या हातानं माइक मारला. आता गिऱ्हाईकच मला विचारतात, “दादा, आमचा पण आवाज जाईना, काय करू?” त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय. दुकानात जायच्या आधी आपल्या फोनचा कुठला माइक गप्प बसलाय आणि तो कधी गप्प बसतो, एवढं आपल्याला माहीत पाहिजे. शोधायला दहा मिनिटं पुरतात.

आधी पलीकडच्याचा फोन

आमच्या गल्लीतल्या एक मामी रोज म्हणायच्या, “तुझा आवाजच येत नाही.” बाकी कुणाची तक्रार नव्हती. शेवटी त्या दळण न्यायला आल्या तेव्हा फोन हातात घेऊन बघितला. कानाजवळच्या स्पीकरची जाळी इतकी भरलेली, की तिथून कुणाचाच आवाज येत नसणार. म्हणून तक्रार एकाच माणसाची असेल तर त्याला फोन स्पीकरवर टाकायला सांगा. दोन-तीन वेगवेगळ्या लोकांना आवाज जात नसेल तरच आपला फोन तपासायला घ्या.

दुसरं म्हणजे नेटवर्क. साध्या कॉलवर आवाज जात नाही, पण व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर जातो, असं असेल तर माइक बहुतेक ठणठणीत आहे. दुसऱ्या सिमवरून लावून बघा, विमान मोड चालू-बंद करा, फोन एकदा रीस्टार्ट करा, सेटिंगमध्ये व्होल्टीई, म्हणजे ४जी वरून कॉल करायची सोय, बंद करून एक कॉल लावा (जिओचं सिम सोडून, त्याचा कॉल व्होल्टीईशिवाय लागत नाही). गगनबावड्याकडं घाटात आवाज तुटतो म्हणून कुणी माइक बदलत नाही. गावात एका बाजूचा आवाज बंद पडला तरी आधी एवढं बघून घ्यावं.

माइक एक नसतो

हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आताच्या बहुतेक फोनना दोन माइक असतात, काहींना तीन. पहिला खाली, चार्जिंगच्या खाचेशेजारी. फोन कानाला लावून बोलतो तेव्हा मुख्य काम याचंच. दुसरा वरच्या कडेला, टाचणीच्या टोकाएवढं एकच भोक असतं तिथं. तिसरा असला तर मागं कॅमेऱ्याजवळ, व्हिडिओच्या आवाजासाठी.

वरचा माइक आपला आवाज ऐकायला नसतो, गोंगाट ऐकायला असतो. खालच्या माइकला आपलं तोंड जवळ, म्हणून तिथं आपला आवाज मोठा. चक्कीचा आवाज मात्र दोघांनाही जवळपास सारखाच. फोन दोन्हींची तुलना करतो, दोघांना सारखं ऐकू येतं ते गोंगाट समजून कमी करतो आणि उरलेलं पलीकडं पाठवतो. म्हणूनच एरवी मी चालत्या चक्कीशेजारी उभा राहून बोललो तरी लोकांना समजायचं.

आता खालच्या भोकात पीठ बसलं तर काय होईल? तिथंही माझा आवाज बारीक पोचणार, वरच्याइतकाच. फोनला वाटणार हाही गोंगाटच, आणि तो मलाच पुसून टाकणार. भोक अर्धंच बुजलेलं असताना आवाज अर्धा न होता जवळजवळ नाहीसा होतो, तो यामुळं. बोटानं वरचं भोक झाकून बोलल्यावरही आवाज चिरकतो किंवा तुटतो, ते याच हिशेबानं. मोठ्या फोनवर खूप जणांचं बोट नेमकं तिथंच असतं, एकदा बघा.

नखाची तपासणी

फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर उघडा. रेकॉर्डिंग सुरू करा, फोन कानाला लावल्यासारखा धरा आणि नेहमीच्या आवाजात “एक, दोन, तीन” म्हणा. मग नखानं खालच्या भोकाशेजारी हलकेच घासा, तीन वेळा. मग वरच्या भोकाशेजारी, मग कॅमेऱ्याजवळ. नख भोकात घालायचं नाही, शेजारी घासायचं. रेकॉर्डिंग ऐका. जिथला माइक चालू आहे तिथली खरखर कानात बसेल अशी मोठी येते, बाकीची लांबून आल्यासारखी. हीच गंमत मागच्या कॅमेऱ्यानं व्हिडिओ काढताना करा, मग सेल्फी व्हिडिओत करा. कुठल्या कामाला फोन कुठला माइक वापरतो ते समजतं, आणि कुठला मेलाय तेही.

मग एक कॉल लावा, घरातल्याच कुणाला तरी, त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवून. एक मिनिट फोन कानाला लावून, एक मिनिट स्पीकरवर टाकून, एक मिनिट वायरचा इअरफोन लावून. कानाला लावल्यावर आवाज जात नाही, पण स्पीकरवर जातो, असं झालं तर बहुतेक फोनमध्ये खालच्या माइकचा दोष. इअरफोनवर सगळं नीट, म्हणजे कॉलची यंत्रणा ठीक, फोनचा स्वतःचा माइक बघायचा. रेकॉर्डरमध्ये आवाज झकास, पण कॉलवर नाही, म्हणजे भोकाला हात लावायची गरज नाही, दोष बहुतेक सेटिंगचा, एखाद्या अ‍ॅपचा किंवा नेटवर्कचा.

सॅमसंगवाल्यांना सॅमसंग मेंबर्स अ‍ॅपमध्ये माइकची तपासणी मिळते. शाओमीच्या फोनवर डायल करायच्या जागी *#*#६४८४#*#* दाबलं की तपासणीची यादी उघडते, त्यात वरचा आणि खालचा माइक वेगवेगळा तपासता येतो. पण खरं सांगू का, नखाची पद्धत कुठल्याही फोनला चालते.

ब्लूटूथचं एक खूळ

कुणालाही विचारा, पहिला सल्ला “ब्लूटूथ बंद कर”. करा, तोटा काही नाही. पण जरा डोकं चालवा. फोन दुसऱ्या कुठल्या ब्लूटूथला जोडलेला असेल तर कॉलचं ऐकणं आणि बोलणं सहसा दोन्ही तिकडं जातं. तुम्हाला फोनच्या कानाजवळच्या स्पीकरमधून समोरच्याचा आवाज नीट येत असेल, तर ब्लूटूथचा संशय जवळजवळ सोडून द्या. कानात इअरबड असतानाच तक्रार येत असेल तर मात्र फोन निर्दोष, बडच्या दांडीचं भोक बघा. भाच्याच्या बडमध्ये मी स्वतः गव्हाचं पीठ पाहिलंय.

परवानगीचा भाग झटपट सांगतो. एकाच अ‍ॅपमध्ये आवाज जात नसेल तर सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला मायक्रोफोनची परवानगी आहे का ते बघा. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, वरून खाली ओढायच्या पट्टीत अख्ख्या फोनचा माइक बंद करायचं बटण आलंय. ते बंद राहिलं की अ‍ॅपना नुसती शांतता मिळते. लहान पोरांच्या हातात फोन दिल्यावर हे हमखास होतं. कॉल चालू नसताना वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला, आयफोनवर केशरी, तर कुठलं तरी अ‍ॅप बहुतेक माइक धरून बसलंय. कॉल रेकॉर्ड करणारी आणि आवाज बदलणारी अ‍ॅपं आधी काढा. संशय असेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करून एक कॉल लावा. आपण टाकलेली अ‍ॅपं त्यात चालत नाहीत, त्यामुळं तिथं आवाज गेला की दोष त्यांच्यातल्याच एकाचा.

दिवाळीतला गालाचा घोटाळा

हे कारण दुकानदारही सहसा सांगत नाहीत, म्हणून नीट लिहितो. दिवाळीच्या आधी, भाजणीची दळणं जोरात असताना, नवी टेम्पर्ड काच बसवून घेतली. दुसऱ्या दिवसापासून आवाज जायचा, पण मधेच बंद व्हायचा. पहिली दोन वाक्यं पोचायची, मग गायब. रेकॉर्डरमध्ये सगळं नीट. मी भोक घासून घासून थकलो.

बायकोनं पकडलं. मी बोलत असताना ती शेजारी उभी होती, म्हणाली, “अहो, कानाला लावलाय तरी स्क्रीन चालूच आहे की.” फोनच्या वरच्या कडेला एक सेन्सर असतो. गाल जवळ आला की तो स्क्रीन काळी करतो. नवी काच नेमकी त्या जागेवर आडवी येत होती, वर पिठाचा थर. स्क्रीन चालू राहायची आणि माझा गाल ‘म्यूट’ दाबायचा. चार्जिंगच्या खाचेत टूथब्रश फिरवून ते कसं बरं व्हावं?

आवाज कॉलच्या सुरुवातीला जातो आणि मधेच तुटतो, असं असेल तर कॉल चालू ठेवून तळहात फोनच्या वरच्या भागावर आणा. स्क्रीन काळी झाली नाही तर काच पुसा, तरी नाही झाली तर काच काढा. कव्हरचंही तसंच. मॉडेलचं नाव सारखं असलं तरी ‘प्रो’ आणि साध्याचं कव्हर वेगळं असतं, भोक दोन मिलिमीटर सरकलं की माइकवर रबर येतं. तपासणी करताना कव्हर काढूनच करावी.

साफसफाई, आणि मी केलेला गाढवपणा

जूनमध्ये पहिल्यांदा बिघडला तेव्हा एका दुकानात दिला. अर्ध्या तासात परत मिळाला. “माइक बदलला,” म्हणून चारशे रुपये घेतले. गणपतीच्या सुमारास पुन्हा तेच. या वेळी भाच्यानं माझ्यासमोर जुना मऊ टूथब्रश घेतला, भोक खाली करून पाच मिनिटं हलकेच घासलं आणि आवाज सुरू. पहिल्यांदाही एवढंच झालं असणार. पावसाळ्यात हवेत ओल असते, पीठ भोकाच्या जाळीवर बसतं, ओल धरतं आणि त्याचा लगदा होऊन वाळतो. बेसनाचा तर फारच चिकट. शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या लेथवाल्याकडं पिठाच्या जागी लोखंडाची बारीक भुकटी, आणि ज्योतिबाच्या यात्रेहून आलेल्याकडं गुलाल. पदार्थ बदलतो, बाकी सगळं तेच.

करायचं असं. फोन बंद करा, कव्हर काढा. भोक जमिनीकडं राहील असा फोन धरा, म्हणजे सुटलेली घाण आत न जाता खाली पडते. कोरडा, मऊ, नवा टूथब्रश घ्या, लहान मुलांचा सर्वांत चांगला. दाब देऊ नका. मग सेलोटेपचा तुकडा भोकावर बोटानं दाबा आणि चटकन उचला, आठ-दहा वेळा, दरवेळी टेपची कोरी जागा. पहिल्या तुकड्यावर काय येतं ते उजेडात धरून बघा. माझ्या टेपवर भोकाच्या मापाचा पांढरा गोल ठिपका उमटला होता, शाईचा शिक्का मारावा तसा.

आता गाढवपणा. मार्चपासून आमच्याकडं चटणीचा हंगाम. दळणाशेजारीच मिरची कांडप मशीन आहे. आमची कांदा-लसूण चटणी म्हणजे तेलात भाजलेला मसाला, खोबरं, लसूण. तिची उडणारी भुकटी कोरडी नसते, तेलकट असते. चौथ्यांदा माइक बसला तेव्हा ब्रशानं हलेना, टेपला चिकटेना. मोटारीतलं पीठ उडवायला गिरणीत ब्लोअर असतो. मी तो उचलला आणि भोकावर धरला. दोन सेकंद. त्यानंतर बारीक जाणारा आवाजही गेला, खरखरसुद्धा उरली नाही.

राजारामपुरीतल्या एका कारागिरानं फोन माझ्यासमोर उघडला आणि भिंगाखाली दाखवला. माइक म्हणजे शाळूच्या दाण्याएवढी चौकोनी डबी, तिला रव्याच्या कणाएवढं छिद्र. आत सिलिकॉनचा पडदा, साधारण मायक्रॉनभर जाडीचा. माणसाचा केस पन्नास-शंभर मायक्रॉन असतो, त्यावरून अंदाज घ्या. बोलण्याच्या हवेनं हलावा असा तो पडदा, त्यावर मी मोटार झाडायचा ब्लोअर सोडला होता. कारागीर हसला नाही, पण म्हणाला, “पंक्चरच्या दुकानात जाऊन कंप्रेसरची हवा मारून घेतलेलेपण येतात. तुमचं बरं म्हणायचं.”

त्याच्या सांगण्याप्रमाणं सगळ्यात जास्त माइक मरतात ते सिमच्या पिनेनं. सिमचा ट्रे काढायचं भोक आणि माइकचं भोक दिसायला सारखंच. घाईत पीन चुकीच्या भोकात जाते, ट्रे निघत नाही म्हणून माणूस आणखी जोर लावतो. सुई, टूथपिक, सेफ्टी पीन, सगळं त्याच जातीचं. तोंडानं फुंकर मारली तर थुंकीची वाफ आत जाते. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं, तेही नको. तेलकट घाणीला आयसोप्रोपिल अल्कोहोल, नव्व्याण्णव टक्क्यांचं, फोन दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडं मिळतं. ते ब्रशाच्या केसांना नुसतं लागेल इतकंच घ्यायचं, भोकात ओतायचं नाही. अर्धा तास वाळू द्यायचं आणि मगच फोन चालू करायचा.

पावसात भिजून आवाज बसला असेल तर घासत बसू नका. बंद करा, चार्जिंगला लावू नका, खाच खाली करून पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, एक दिवस जाऊ द्या. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, अ‍ॅपलनंही तसं बजावलंय. आणि तांदळाला किती भुकटी असते ते गिरणीवाल्याला विचारा.

दुकानात जाताना

वॉरंटी असेल तर सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, बाहेर उघडूच नका. नसेल तर आधी सगळा डेटा दुसरीकडं घ्या, सिम काढून ठेवा. सॅमसंगला मेंटेनन्स मोड असतो, तो लावून दिला की आपले फोटो-मेसेज दिसत नाहीत.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये खालचा माइक चार्जिंगच्या छोट्या बोर्डवरच असतो, कारागीर त्याला सीसी बोर्ड म्हणतात. त्यामुळं आवाज जात नाही आणि चार्जरही ढिला बसतो, हलवला की चार्जिंग तुटतं, अशी दोन्ही लक्षणं एकत्र असतील तर दोन वेगळ्या कामांचे पैसे देऊ नका, एका बोर्डानं दोन्ही सुटतं. काही फोनमध्ये माइक मुख्य बोर्डवर असतो, तिथं गरम हवेच्या मशीननं जुना उचलून नवा बसवावा लागतो. ते हात बसलेल्या माणसाचंच काम, आधी विचारा. बोर्ड ओरिजिनल की कॉपी तेही विचारा. माझ्या बोर्डाला साडेसहाशे रुपये पडले. त्याआधी राजारामपुरीतल्या कारागिरानं एक स्वस्तातला लावून दाखवला होता, त्यात आवाज जायचा पण मागं बारीक घूं... असा सूर, आणि फास्ट चार्जिंग बंद. आणि पाण्यापासून बचाव करणारा फोन एकदा उघडला की तो बचाव पहिल्यासारखा राहील असं धरून चालू नका, आत चिकटवलेलं सील सुटलेलं असतं.

फोन देताना रेकॉर्डरमध्ये “एक, दोन, तीन” भरून ठेवा. परत घेताना काउंटरवरच पुन्हा भरा, दोन्ही लागोपाठ ऐका, मग सिम घालून दुकानदाराच्याच फोनवर कॉल लावून कानाला धरून बोला. जुना पार्ट हातात मागा. चारशे रुपये घेणाऱ्या पहिल्या दुकानात मी एवढं मागितलं असतं तर त्याला काय द्यायचं हा प्रश्न पडला असता.

तोवर काम थांबवू नका, माइक असलेला वायरचा इअरफोन लावून बोला. मी आठ दिवस तसंच काढले. आयफोनवाल्यांनी गोंगाटात बोलताना कंट्रोल सेंटरमधलं व्हॉइस आयसोलेशन लावून बघावं, २०२३ च्या आयओएस १६.४ पासून ते साध्या कॉललाही चालतं. जुन्या मॉडेलवर मात्र नाही मिळत.

आता फोन चक्कीच्या फळीवर न ठेवता गल्ल्यात, चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत असतो. वाजला की हात झटकायचे, चड्डीला नाही, वेगळ्या फडक्याला, आणि पिशवीतून काढून बोलायचं. दर रविवारी सेलोटेपचा एक तुकडा. गेल्या रविवारी टेपवर फिकट लाल ठिपका आला, चटणीचा. अजून दोन आठवडे कांडप आहे, त्यामुळं सध्या बुधवारीही लावतोय.